डोळ्यांच्या वैद्याची सहाण

मित्रांनो, तुमच्या घरी गंध उगाळायला सहाण असते, तशीच मीही एक. पण माझ्यावर कधी चंदन फिरलं नाही. माझ्यावर फिरले ते सुरम्याचे खडे, तांब्याच्या खाणीतला हिरवा दगड आणि गेरू. मी डोळ्यांच्या औषधाची सहाण आहे. काळपट हिरवा रंग, तळहातापेक्षा थोडी मोठी, मधोमध उथळ खळगा. ज्या राजांच्या कबरी खोदण्यात माझ्या माणसांची आयुष्यं गेली, त्या राजांची नावंही लोक आता अडखळत वाचतात, इतकी मी जुनी आहे.

माझा जन्म नाईल नदीच्या पूर्वेला, वाळवंटातल्या एका खाणीत झाला. तिथून मी गाढवाच्या पाठीवरून नदीकाठी आले आणि होडीतून पश्चिम तीरावर उतरले. तिथे डोंगराच्या कुशीत कबरी खोदणाऱ्यांचं एक गाव होतं. गावात विहीर नव्हती. पाणीसुद्धा गाढवांवरून यायचं. भिंतीला भिंत लागून घरं, वर सपाट धाबं, मधून एकच अरुंद गल्ली. त्या गल्लीत कुणी शिंकलं तरी टोकाच्या घरात ऐकू जायचं.

मला आणणारा माणूस नेबरेचा मामा होता. नेबरे चित्रकार होता. कबरीच्या भिंतीवर आधी लाल रेघांनी देव, माणसं, पक्षी काढायचे आणि मग त्यांत रंग भरायचे, हे त्याचं काम. त्याचा हात इतका स्थिर होता की बगळ्याचा पाय तो एका दमात ओढायचा. त्यानेच मला ओल्या वाळूने घासून गुळगुळीत केलं. आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र अमेनवा, नदीपलीकडच्या देवळात डोळ्यांची विद्या शिकून गावात परतला, त्या दिवशी मला त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"काय वैद्यबुवा," नेबरे म्हणाला, "ही तुझ्या धंद्याला माझी भेट. आता माझे डोळे फुकटात बघायचे."

"फुकटात काही नाही. दर सणाला जवाच्या दारूचा एक रांजण."

"रांजण पाठवीन की. पण तो रिकामा करायलाही मीच येणार."

तो खरोखरच यायचा. सणालाच असं नाही, रोजच. काम आटोपून डोंगरावरून उतरला की घरी जाण्याआधी तो अमेनवाच्या उंबऱ्यावर टेकायचा. अमेनवाची बायको ताबेकी त्याच्यापुढे भाकरी आणि कांदा ठेवायची आणि म्हणायची, "तुझ्या बायकोने चूल पेटवणं बंद केलंय का रे?" नेबरे तोंडात घास असतानाच मान हलवायचा. होय की नाही, ते कधीच कळायचं नाही.

ती वर्षं माझ्या भरभराटीची होती. कबरीत खोलवर काम चालायचं. दिव्यांची काजळी, छिन्नीखाली उडणारी चुनखडीची धूळ, वरून डोंगरावरचं डोळे दिपवणारं ऊन. संध्याकाळी माणसं खाली उतरायची ती लाल डोळे चोळतच. मग अमेनवाच्या दारात गर्दी व्हायची.

त्याची एक रीत होती. तो आजाऱ्याला दाराकडे तोंड करून बसवायचा. हनुवटी धरून डोळ्यावर उजेड घ्यायचा, पापणी उलटायचा आणि बघत राहायचा. आजारी माणूस कंटाळला तरी तो बघतच असायचा. पुरतं बघून झाल्याशिवाय त्याने मला कधी हात लावला नाही. मग मात्र त्याचे हात भराभर चालायचे. खडा माझ्यावर घासायचा, त्यात मध घालायचा, कधी बदकाची चरबी. घासताना तो होरस देवाची गोष्ट पुटपुटायचा. होरसचा डोळा लढाईत फुटला होता आणि थोथ देवाने तो पुन्हा जुळवला होता. लेप गंधासारखा मऊ झाला की गिधाडाच्या पिसाने तो डोळ्यात सोडायचा.

डोळ्यात दगडाची कपची गेली असेल तर अमेनवा औषध उगाळायच्या आधी तागाच्या चिंधीचं टोक पिळून अणकुचीदार करायचा, मधात बुडवायचा आणि ती कपची अलगद उचलून आणायचा. ती बोटाच्या टोकावर घेऊन आजाऱ्याला दाखवायचा. "ही बघ तुझी वैरीण," असं म्हणायचा आणि रडकुंडीला आलेला माणूस हसायचा.

एकदा खुद्द मुकादमाचा डोळा बरा झाला. त्याने सगळ्यांसमोर मला उचलून पाहिलं आणि म्हणाला, "अमेनवा, तुझ्या या दगडाने गावाची दृष्टी राखली आहे." मी दगड असूनही त्या दिवशी मला ऊब लागल्यासारखं वाटलं. लोक येता-जाता मला हात लावून तो कपाळाला लावायचे. ताबेकी मला रोज धुवायची आणि कोरड्या कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवायची.

मित्रांनो, सुखाच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. म्हणून मी पुढे जाते.

अमेनवाच्या डोळ्यांत काहीतरी बिघडतंय, हे बहुधा सगळ्यात आधी मला कळलं. पूर्वी लेप बारीक झाला की तो बघून थांबायचा. आता तो बोट फिरवून पाहू लागला. मग एकदा हिरव्या दगडाऐवजी त्याने सुरमा उचलला आणि माझ्यावर घासलासुद्धा. ताबेकी शेजारीच मसूर निवडत होती.

"अरे, तो काळा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग पेन्नूच्या मुलीला हिरवा द्यायचा होता ना?"

अमेनवाचा हात थांबला. ताबेकीने मसुराचं सूप खाली ठेवलं, उठून त्याच्यासमोर आली आणि त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड दाराकडे फिरवलं, जसं तो इतरांचं फिरवायचा. ती बराच वेळ बघत होती.

"काय दिसतं?" त्याने विचारलं.

"बाहुल्या पांढुरक्या झाल्यात. जवाच्या पेजेसारख्या."

"डोळ्यात पाणी चढतंय," अमेनवा म्हणाला. तुम्ही ज्याला मोतीबिंदू म्हणता, त्याचं हे नाव त्याला गुरूंनी शिकवलं होतं. त्यावर लेप चालत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. तरी पुढचे कित्येक महिने तो माझ्यावर कासवाचं पित्त आणि मध उगाळून स्वतःच्या डोळ्यांत घालत राहिला. उपयोग झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्याने लोकांना सांगून का टाकलं नाही? त्यासाठी तुम्हाला गावाची एक समजूत माहीत हवी. गावावर जो डोंगर होता त्याच्या शिखरावर एक देवी राहते, अशी लोकांची श्रद्धा होती. जो खोटी शपथ घेतो, पाप करतो, त्याला ती दिवसा अंधार दाखवते. गावात कुणी आंधळं झालं की शेजारीपाजारी हळू आवाजात विचारायचे, "याने काय केलं असेल?" मग ज्याला देवीने शासन केलं त्या वैद्याच्या हातचं औषध कोण डोळ्यात घालून घेईल?

ताबेकीने त्याला एक मार्ग सुचवला होता. एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "लोकांना सरळ सांगू. म्हणू, वैद्याची नजर कमी झाली, विद्या कमी झाली नाही. मी डोळ्यात बघते, दिसेल ते तुला सांगते. काय करायचं ते तू सांग."

"बायकोच्या डोळ्यांनी बघणारा वैद्य. पिढ्यान् पिढ्या हसतील."

"हसू देत. हसणाऱ्यांचे डोळे तरी नीट राहतील."

"ताबेकी, हा विषय पुन्हा नको."

तिने हातातली भाकरी चुलीवर टाकली. पण तिने गपचूप दुसरा मार्ग काढला. औषधांची मडकी ती रोज त्याच क्रमाने मांडू लागली. आणि कुणी दारात आलं की मोठमोठ्याने बोलू लागली. "ये ये, पेन्नू. अगंबाई, उजवा डोळा केवढा लाल झालाय, आणि पापणीला पूही धरलाय वाटतं." मग अमेनवा त्या डोळ्याकडे वळायचा, वाकून बघितल्यासारखं करायचा आणि योग्य तेच औषध द्यायचा. लोकांना संशय आला नाही. फक्त गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "ताबेकीला उतारवयात तोंड फुटलं. वैद्यबाबांना बोलूच देत नाही."

असे नाईलचे दोन पूर येऊन ओसरले, म्हणजे दोन वर्षं गेली. तो काळ निभावला तो ताबेकीच्या बोलण्यावर. आणि मला वाटतं, सगळं निभावतंय म्हणूनच त्या दोघांनाही धोका दिसेनासा झाला.

नेबरेलाही काही कळलं नव्हतं. तो यायचा तेव्हा संध्याकाळ झालेली असायची, घरात तसाही अंधार असायचा. अमेनवा गप्पा मारायचा, हसायचा. "हल्ली तू माझ्याकडे बघून बोलत नाहीस रे," नेबरे एकदा म्हणाला. "तुझं तोंड बघण्यासारखं राहिलंय का," अमेनवाने उत्तर दिलं आणि दोघेही हसले. मी कोनाड्यात होते. मला त्या हसण्याची भीती वाटली होती.

मग तो दिवस आला. ताबेकी नदीकाठच्या गावात बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. घरात अमेनवा एकटाच. दुपारच्या वेळी नेबरे भिंतीला धरून आत आला. त्याने डाव्या डोळ्यावर फडकं दाबलं होतं. तो भिंतीवर रेघ ओढत असताना शेजारी एक जण छिन्नी चालवत होता आणि काहीतरी उडून डोळ्यात गेलं होतं.

"खुपतंय रे," नेबरे म्हणाला. "दिवसभर धुळीत असतो मी, पण हे वेगळं आहे. बघ जरा."

अमेनवाने त्याला दाराकडे तोंड करून बसवलं. हनुवटी धरली. पापणी उलटली. तो वाकून राहिला, अगदी पूर्वीसारखा, पुष्कळ वेळ.

"काय आहे?" नेबरेने विचारलं.

मित्रांनो, त्या क्षणी त्याने काय करावं, हे मला दगडालासुद्धा कळत होतं. शेजारच्या कुणालाही हाक मारून 'जरा बघ रे यात' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर नेबरे होता. ज्याच्यासमोर लहानपणापासून कधी हार मानली नाही, असा मित्र होता.

"धूळ आहे," अमेनवा म्हणाला. "मधाने निघेल."

त्याने मला पुढे ओढलं. त्या दिवशी माझ्यावर औषध अगदी बरोबर उगाळलं गेलं. खडा योग्य होता, मध योग्य होता, लेप लोण्यासारखा झाला होता. औषधात काहीच चूक नव्हती. फक्त ते धुळीसाठी होतं आणि नेबरेच्या बुबुळात दगडाची कपची रुतलेली होती. ती काढायला हवी होती. अमेनवाने तिच्यावर लेप घातला आणि वरून पट्टी बांधली.

ताबेकी परत आली तेव्हा नेबरेचा गाल सुजला होता आणि तो कण्हत अमेनवाच्या दारातच बसला होता. तिने पिशवी खाली टाकली आणि पट्टी सोडली. तिने काय पाहिलं ते तिच्या श्वासावरून मला कळलं. अमेनवाला तिने हाताला धरून आतल्या खोलीत आणलं, माझ्यासमोर.

"कपची आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बुबुळावर काळा ठिपका आहे आणि भोवती पांढरं चढलंय. ती आता माझ्या किंवा तुझ्या हाताने निघायची नाही. त्याला आत्ताच्या आत्ता नदीपलीकडे पाठव. देवळातल्या वैद्याकडे."

अमेनवा भिंतीला टेकून उभा राहिला. "पलीकडे ते विचारतील, आधी कुणी बघितलं."

"विचारू देत."

"उद्यापर्यंत थांबू. मी सूज उतरवतो."

"अमेनवा, हा नेबरे आहे."

"म्हणूनच सांगतोय, थांब."

बाहेरून नेबरेचा आवाज आला. त्याला आतलं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण दुखण्याने तो हैराण झाला होता. "अरे, मी पलीकडे दाखवून येऊ का एकदा? हेनुत म्हणतेय, ती येईल बरोबर." हेनुत त्याची मुलगी, लग्नाच्या वयाची, बापाला रंग कालवून देणारी.

अमेनवा बाहेर गेला आणि म्हणाला, "माझ्यावर भरवसा राहिला नाही का?"

नेबरे लगेच वरमला. "तसं नाही रे. तू म्हणशील तसं."

ताबेकी दारात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. दोन पूर ती सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलत आली होती. नेमकी त्या दिवशी ती बोलली नाही. तिचं ते न बोलणं तिला पुढे आयुष्यभर टोचत राहिलं. मला धुताना ती कितीदा तरी स्वतःशीच म्हणायची, "मी का गप्प बसले?"

सूज उतरली नाही. ताप चढला. शेवटी मुकादमानेच नेबरेला गाढवावर बसवलं आणि हेनुतबरोबर नदीपलीकडे पाठवलं. तिथल्या वैद्याने डोळा साफ केला, ताप उतरवला, जीव वाचवला. पण डावा डोळा गेला. "कपची लगेच काढायला हवी होती," एवढंच तो म्हणाला. आधी कुणी बघितलं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

नेबरे गावात परतला तेव्हा अमेनवाला म्हणाला, "नशीब माझं. उजवा आहे अजून." त्याने पुन्हा कुंचला हाती घेतला. पण काही महिन्यांनी उजवा डोळाही लाल होऊ लागला. उजेड सोसेना. कधी कधी एका जखमी डोळ्यामागोमाग दुसराही जातो. तेव्हाच्या वैद्यांनी ते पाहिलेलं होतं, पण त्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता. पुढच्या पुराआधी नेबरेला दिवसा अंधार दिसू लागला. गल्लीत लोक हळू आवाजात विचारू लागले, "याने काय केलं असेल?"

ते अमेनवाच्या कानावर आलं त्या दिवशी तो जेवला नाही.

एका संध्याकाळी हेनुत बापाला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आली. त्याला उंबऱ्यावर टेकवून ती शेजारी गेली. ताबेकी धाब्यावर वाळत घातलेले मासे गोळा करत होती. खाली दोघे मित्रच होते.

"दारू ओत," नेबरे म्हणाला. "वैद्याच्या घरी आंधळा येऊन बसलाय, त्याला काहीतरी दे."

अमेनवा पेल्यासाठी चटईवर हात फिरवू लागला. ताबेकीने मासे साफ करायला बसताना पेला बाजूला सरकवला होता. हात चटईवर खरखरत डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मडक्याला लागला, परत आला.

नेबरे ऐकत होता. त्याने मान तिरकी केली.

"हा आवाज मला ओळखीचा आहे," तो म्हणाला. "हल्ली माझा हात असाच फिरतो."

अमेनवाचा हात थांबला.

"तुला दिसत नाही?"

मग अमेनवा म्हणाला, "नाही."

"कधीपासून?"

"तुझ्या डोळ्यात कपची गेली त्याच्या आधीपासून. बऱ्याच आधीपासून."

वर धाब्यावर ताबेकीच्या पावलांचा आवाज थांबला होता.

"म्हणजे त्या दिवशी तू माझी हनुवटी धरून बसला होतास," नेबरे सावकाश म्हणाला, "तेव्हा तुला काहीच दिसत नव्हतं."

"उजेड दिसत होता. तुझं तोंड आहे, एवढं कळत होतं."

"आणि मी पलीकडे जाऊ का म्हणालो, तेव्हा?"

अमेनवा रडत होता. पण नेबरेला ते दिसणार नव्हतं, आणि अमेनवाने आवाज होऊ दिला नाही.

नेबरेचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. तो म्हणाला, "तू मला सांगायचं होतंस रे. मी पलीकडे गेलो असतो, डोळा दाखवला असता, आणि संध्याकाळी इथेच आलो असतो. तुला दिसत नाही म्हणून मी यायचा थांबलो असतो का?"

मग त्याने हेनुतला हाक मारली. उठताना तो एवढंच म्हणाला, "पुढच्या माणसाच्या डोळ्यात ताबेकीला बघू दे."

दुसऱ्या दिवशी अमेनवा ताबेकीचा हात धरून गावाच्या दाराशी गेला. तिथे पंच बसायचे. सगळ्यांसमोर त्याने सांगितलं की मी आंधळा आहे आणि नेबरेचा डोळा माझ्या लपवण्यामुळे गेला. देवीने नेबरेला शासन केलेलं नाही, जे काही पाप आहे ते माझं आहे, हेही त्याने मोठ्याने सांगितलं. काही लोक थुंकले. मुकादम मान खाली घालून निघून गेला. कित्येक दिवस आमच्या दारात कुणी आलं नाही. मी कोनाड्यात कापडात गुंडाळलेली पडून होते. माझ्या खळग्यात धूळ बसली.

मग एक दिवस पेन्नूची मुलगी आपल्या रडणाऱ्या बाळाला घेऊन आली. पलीकडे जायला तिला होडी मिळाली नव्हती. ताबेकीने बाळाला दाराकडे तोंड करून मांडीवर घेतलं.

"काय दिसतं ते सांग," अमेनवा म्हणाला.

"पापणीच्या आत बारीक पुळ्या. पाणी वाहतंय. बुबुळ स्वच्छ आहे."

"पुन्हा बघ. कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात एक केस आत वळलाय."

"तो आधी काढ. मग हिरवा दगड उगाळ."

माझ्यावर पहिल्यांदा ताबेकीने औषध उगाळलं. बाळ बरं झालं. हळूहळू लोक परत येऊ लागले. ती बघायची, तो विचारायचा, ती पुन्हा बघायची. कुणी फारसं हसलं नाही. एखादा म्हातारा म्हणायचा, "आता दोन वैद्य आहेत, मोबदल्यात एका अंड्याऐवजी दोन अंडी आणावी लागतील," एवढंच. तिने पाहून, त्याने सांगून, किती डोळे वाचले. आणि दर वेळी मला वाटायचं, हे आधीही असंच होऊ शकलं असतं. हेच घर होतं, हीच दोन माणसं होती, मीही इथेच होते. नेबरेची कपची पहिल्याच दिवशी, ताबेकी घरी नसतानाही, शेजारच्या एखाद्या बाईने पाहून सांगितली असती आणि नेबरे लगेच पलीकडे गेला असता.

नेबरे मात्र पुन्हा आला नाही. हेनुतचा हात धरून तो संध्याकाळी आमच्या दारावरून जायचा. दाराशी हेनुत पाऊल हळू करायची. तो म्हणायचा, "चल." ताबेकी आतून ऐकायची, अमेनवाही ऐकायचा.

अमेनवा गेला तो थंडीच्या दिवसांत, छातीत कफ दाटून. गावाच्या रीतीप्रमाणे त्याला डोंगराच्या पायथ्याशी ठेवलं. मला त्याच्याबरोबर ठेवावं असं कुणीतरी म्हणालं, पण ताबेकी म्हणाली, "दगड कामाचा आहे. राहू दे."

त्यानंतर एका संध्याकाळी दारावरून जाणारी पावलं थांबली. नेबरे उंबरा चाचपडत आत आला आणि टेकला. ताबेकीने त्याच्यापुढे भाकरी आणि कांदा ठेवला. त्याने हात लावला नाही.

"शेवटी काही बोलला का तो?" त्याने विचारलं.

"शेवटी बोलायला श्वास कुठे होता," ताबेकी म्हणाली. "पण रोज संध्याकाळी विचारायचा. नेबरे गेला का दारावरून? मी म्हणायचे, गेला. मग म्हणायचा, पाऊल नीट पडत होतं ना? मी म्हणायचे, हो, हेनुत आहे बरोबर. मग झोपायचा."

नेबरेने उंबऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "एकदा थांबायला हवं होतं मी."

ताबेकीने भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला आणि त्याने तो खाल्ला.

त्यापुढचं माझं आयुष्य फार थोडक्यात सांगता येईल. ताबेकीच्या मागे मला हेनुतने नेलं. तिच्या मुलींनी माझ्यावर काजळ उगाळलं. त्यांच्या मुलींना औषधाचं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी मला धान्याच्या लहान मडक्यावर झाकण म्हणून ठेवलं. मग चोरांची भीती वाढली, पाणी आणणारी गाढवं येईनाशी झाली, आणि माणसं भांडीकुंडी घेऊन नदीकाठी राहायला गेली. मी बिनकामाची म्हणून मागे राहिले. धाबं कोसळलं. वाळू आली. मी अजून तिथेच आहे. कोणत्या डोळ्याला कोणता दगड चालतो, हे माझ्यावर रोज उगाळलं जायचं. ते आता कुणालाच आठवत नाही, आणि मला सांगता येत नाही.

मित्रांनो, मला जे सांगता येतं ते एवढंच आहे. तुमच्यापैकी कुणाला फळ्यावरचं नीट दिसत नसेल, आणि तो शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवत असेल, तर त्याने ते आज घरी सांगावं. कुणी हसलं तर हसू दे. आणि कुणी तुमच्याजवळ येऊन म्हणाला की मला दिसत नाही, मला जमत नाही, माझं चुकलं, तर त्याच्यावर रागवा, भांडा, हवं तर रडा. पण त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.